सत्कारातून सुटका

४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. मी वेळेवर लिहीत नाही म्हणून तू रागावलीस ते बरोबरच आहे, पण इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. फोन करावा म्हटलं तर अग्निशमन केंद्रावरचा फोन आगीच्या खबरीसाठी मोकळा ठेवावा लागतो. तिथे उभं राहून मी तुझ्याशी गप्पा मारायला लागले तर अर्धं शहर जळून जाईल. त्यामुळे पत्रच बरं.

आगीची खबर आली की तिला इथे ‘वर्दी’ म्हणतात. घंटा वाजते आणि सगळे जवान पळत सुटतात. बूट आधीच विजारीच्या पायांत खोवून ठेवलेले असतात, त्यामुळे एकदा पाय घातले की माणूस खालून वर तयार. माझे बूट पुरुषांच्या मापाचे आहेत म्हणून मी आत तीन-तीन मोजे घालते. खात्याने माझ्या मापाचे बूट मागवले होते, पण बूट बनवणाऱ्याला वाटतं माप लिहिण्यात चूक झाली आहे. तो सारखा उलट विचारून पाठवतो आणि आमचं ऑफिस सारखं ‘चूक नाही’ असं कळवतं.

गेल्या आठवड्यात लाकडाच्या वखारीला आग लागली होती. पाणी मारून मारून हात गळून जातात अशा वेळी. केंद्रप्रमुख साहेब माणूस चांगला आहे, माझ्यावर फार जीव आहे त्यांचा. नोव्हेंबरअखेर माझं उमेदवारीचं वर्ष संपेल आणि मग मी कायमची जवान होईन. शहरातली पहिली महिला जवान, असं आत्ताच पेपरात येतं. सोबत कात्रण पाठवते आहे. दादाला दे आणि सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवत बसू नकोस म्हणून सांग. तो दाखवणार हे मला माहीत आहे, तरी सांग.

आणि मला ‘वन्सं’ म्हणणं बंद कर. आगीतून आलेल्या बाईला वन्सं म्हणत नाहीत.

तुझी नणंद

१९ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

नणंद आहात तोवर वन्संच म्हणणार. तुमच्या साहेबांनी तुम्हाला वेगळा हुद्दा दिला की मग बघू.

कात्रण पोचलं. गिऱ्हाइकांना दाखवू नका म्हणून मी यांना सांगितलं. त्यावर त्यांनी ते कात्रण मोठं करून आणलं, चौकट केली आणि दुकानात मोठ्या आरशाच्या वर लावलं. आता जो कोणी केस कापायला बसतो त्याला आरशात आधी तुम्ही दिसता आणि मग स्वतःचं तोंड. आईबाप गेल्यावर यांनीच तुम्हाला वाढवलं, तेव्हा एवढा मिरवायचा हक्क त्यांना द्यायला हवा. तुमच्या बाबतीत या माणसाला काही सांगण्यात अर्थ नाही, हे मी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं.

या वेळी पत्राच्या शेवटी तुमच्या दादांच्या दोन ओळी नाहीत. त्यांचा हात सध्या मोकळा नसतो. दुकान जोरात चालू आहे, काळजी करू नका. मलाही बसायला वेळ मिळत नाही म्हणून पत्र घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

एक विचारायचं होतं. वखारीच्या आगीतून आल्यावर तुम्ही गणवेश कशाने धुता? मागे आमच्या स्वयंपाकघरात पडदा नुसता करपला, तर धुराचा वास महिनाभर गेला नव्हता. तुमच्याकडे काही खास साबण असेल तर कळवा.

तुमची वहिनी

२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

खरं खरं सांग, दादाला काय झालंय?

तुझं पत्र उघडलं आणि घडीतून केस पडले. काळे पडले, पांढरे पडले, आणि दोन-तीन चांगले कुरळे होते. दादाचे केस काळे आणि सरळ आहेत. माणसाचे केस असे ठिकठिकाणी पांढरे होऊन, आखडून गळायला लागले तर ते साधं दुखणं नव्हे. मी इथल्या कंपाउंडरला विचारलं, तो म्हणाला काळजीने असं होतं. दादाला कसली काळजी आहे? आणि दुकान जोरात चालतंय तर त्याच्या दोन ओळी का नाहीत? एवढे केस तुझ्या पत्रात पडतात म्हणजे तू त्याच्या उशाशी बसून लिहीत असणार. माझ्यापासून काही लपवू नकोस. मी सोबत तेलाची बाटली पाठवते आहे, रोज मुळांना चोळ.

गणवेश इथे लाँड्रीत जातो, त्यामुळे साबणाचं मला माहीत नाही.

इथे सगळं ठीक. काल मुलींच्या एका शाळेत माझं भाषण झालं. परवा कॉलेजात आहे. शाळेने पुष्पगुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. सत्कार म्हटला की घड्याळ द्यायचं असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतं. माझ्या खोलीत आता इतकी घड्याळं आहेत की सगळी सुरू केली तर झोप येत नाही आणि बंद ठेवली तर प्रत्येकात वेगळीच वेळ दिसते. तुम्हाला एखादं पाठवू का?

दादाबद्दल ताबडतोब लिही. नाहीतर मी रजा टाकून निघते.

तुझी नणंद

१० सप्टेंबर

प्रिय वन्सं,

रजा टाकू नका. तुम्ही रजा टाकाल म्हणूनच लपवलं होतं. आता लपवण्यात अर्थ उरला नाही, तेव्हा सगळं सांगते. पण आधी ऐकून घ्या, की तुमच्या दादांच्या डोक्यावरचा एकही केस कमी झालेला नाही. ते केस गिऱ्हाइकांचे. मी दुकानात, मधल्या खुर्चीवर बसून पत्र लिहिते. हात कितीही झटकले तरी केस कुठून तरी येतातच.

झालं असं की तुमची चौकट लावायला हे त्या गोल फिरणाऱ्या खुर्चीवर चढले. खुर्चीवर चढू नका असं मी म्हणाले होते. त्यांनी खिळा ठोकला, चौकट अडकवली, तुमच्याकडे बघून मान वाकडी केली, आणि नीट दिसतंय का बघायला जरासे वळले. त्यांच्याबरोबर खुर्चीही वळली. चौकट सरळ लागली आणि उजवं मनगट मोडलं. आता प्लास्टर आहे. डॉक्टर म्हणाले, दिवाळं निघाल्यासारखं तोंड करू नका, हाड जुळेल, पण कात्री धरायला वेळ लागेल.

पहिले दोन दिवस दुकान बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी शटर उघडलं.

आता तुम्ही म्हणाल, वहिनीला कुठे येतं. वन्सं, केस कापणाऱ्याचे केस कोण कापतं, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नाही ना? तुम्हालाच काय, कुणालाच पडला नाही. स्वतःची मान स्वतःला दिसत नाही. लग्न झाल्यापासून यांचे केस मीच कापते, सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं ओढून. सुरुवातीला यांनी आरशात बघून शिकवलं, पुढे बघायचंही सोडून दिलं. ‘तुमच्यासारखे कापा’ असं म्हणणारी गिऱ्हाइकं कितीतरी येतात आणि हे खुशाल मान डोलावतात. ते सगळं कौतुक माझं होतं. मी आतल्या बाजूला टॉवेल वाळत घालत ते ऐकत असे.

पहिले आले निवृत्त हेडमास्तर. त्यांनी रोजच्यासारखा चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटले. चष्म्याशिवाय त्यांना समोरची भिंतसुद्धा दिसत नाही. हे त्यांच्या मागे उभे राहून नेहमीसारखे गप्पा मारायला लागले, रस्त्याच्या खड्ड्यांवर, नगरपालिकेवर, आणि मी तोंडातून शब्द न काढता केस कापले. आवाज यांचा आणि हात माझे. अर्धं डोकं झाल्यावर हेडमास्तरांना शिंक आली. शिंकले आणि सवयीने चष्मा लावला. आरशात कात्री हातात घेतलेली मी, आणि शेजारी गळ्यात हात अडकवलेले हे. यांचं नगरपालिकेवरचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. हेडमास्तरांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली आणि म्हणाले, “मानेवर अजून जरा बारीक करा.” आणि चष्मा काढून पुन्हा डोळे मिटले.

सगळेच काही हेडमास्तर नसतात. बँकेतला कॅशियर मला बघून जो उठला तो गळ्यातल्या टॉवेलसकट पळाला. टॉवेल अजून परत आलेला नाही. पण बाकीचे हळूहळू बसायला लागलेत. दाढीला मात्र कुणी तयार नाही. कात्रीपर्यंत माझ्यावर विश्वास आहे, वस्तऱ्याला नाही. तुमच्या दादांकडे आता डोक्यामागे आरसा धरून गिऱ्हाइकाला मान दाखवण्याचं काम आहे, डाव्या हाताने. तेही ते वाकडा धरतात आणि गिऱ्हाइकाला छताचा पंखा दाखवतात.

तेल पोचलं. बूट पुसायला चांगलं आहे.

आता माझं सांगून झालं. आता तुम्ही सांगा. तुमची सगळी कात्रणं माझ्याजवळ आहेत. प्रत्येक फोटोत तुमच्या विजारीची इस्त्री अशी कडक आहे की तिच्यावर कागद कापता येईल. बुटांत माणसाचं तोंड दिसेल. नखं स्वच्छ. मी दुकानात दहा मिनिटं उभी राहिले तरी पदरावर सांगण्यासारखं काहीतरी लागलेलं असतं, आणि तुम्ही म्हणे वखारीच्या आगीतून आलात. रागावू नका, पण वन्सं, तुम्ही एकदा तरी आगीवर गेलात का?

तुमची वहिनी

२१ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

नाही गेले. एकदाही नाही.

तुझं पत्र वाचून आधी मी दादासाठी रडले, मग त्या कॅशियरच्या टॉवेलवर हसले, आणि शेवटचा परिच्छेद वाचून दार लावून बसले. वखारीला आग लागली होती हे खरं आहे. हात गळून गेले हेही खरं आहे. ते दुसऱ्यांचे होते एवढंच मी लिहिलं नाही. तुम्ही दोघं इतक्या अभिमानाने बघत होता की मला खरं लिहायचा धीर होईना.

प्रशिक्षणात मी चांगली होते, वहिनी. शिडीवर सगळ्यांच्या पुढे असायचे. पण केंद्रावर आले आणि साहेबांनी मला डोक्यावर बसवून ठेवलं. ते वाईट नाहीत. त्यांना माझा खराखुरा अभिमान आहे आणि तोच मला नडतो. पहिली वर्दी आली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी बंबावर चढले होते. साहेब धावत आले, म्हणाले, तू उतर, शाळेची मुलं यायची आहेत, त्यांना तुला भेटायचंय. बंब गेला. मुलं आली. मी त्या मुलांना रिकाम्या गॅरेजमध्ये उभं राहून बंब कसा असतो ते समजावून सांगितलं. एका मुलीने विचारलं, “तुम्ही का नाही गेलात?” तिच्या बाईंनी तिला गप्प केलं.

तेव्हापासून असंच चालू आहे. घंटा वाजली की कुणी ना कुणी पाहुणा यायचा असतो. नसला तर साहेबांना भीती वाटते, की हिला खरचटलं तर पेपरवाले काय छापतील. बाकीचे जवान काळे होऊन परत येतात आणि मी इस्त्रीच्या गणवेशात त्यांना चहा देते. चहा मी स्वतःहून देते, कुणी सांगत नाही. रिकामे हात घेऊन उभं राहवत नाही म्हणून देते. मला लाज वाटते.

आणि नुसती लाज असती तरी चाललं असतं. उमेदवारीच्या वर्षात खऱ्या आगीवर काम केलं असा केंद्रप्रमुखांचा शेरा मिळाल्याशिवाय नेमणूक कायम होत नाही. तसा नियमच आहे. साहेबांना त्याची आठवण करून दिली तर म्हणाले, अगं तुझी काळजी कशाला, तू तर आमची शान आहेस. पण शान म्हणून शेरा लिहिता येत नाही, खोटं तर ते लिहिणारच नाहीत. वर्ष संपलं की मला घरी पाठवतील, पुष्पगुच्छ देऊन, आणि बहुतेक घड्याळ देऊन. त्याहून वाईट म्हणजे आणखी दोन मुलींनी अर्ज केलेत. मुख्य कार्यालयाने ते बाजूला ठेवलेत. पहिलीचं काय होतं ते बघू आणि मग ठरवू, असं तिथे सरळ बोलतात. म्हणजे मी गेले की त्यांचं दार माझ्यामुळे बंद होणार, आणि सगळे म्हणणार की बायकांना हे काम जमत नाही. न करता न जमणारी मी पहिलीच असेन.

मला वाटतं मी राजीनामा देऊन घरी यावं. तुला दुकानात मदत होईल. निदान आरसा तरी सरळ धरीन.

तुझी नणंद

२८ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

आलात तर दारातून परत पाठवीन. आरसा धरायला माझा नवरा आहे.

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं नाही. त्यांना इतकंच सांगितलं की वन्सं मजेत आहेत. ते त्या चौकटीकडे बघतात आणि प्लास्टरच्या हाताने सलाम करतात, ते मला मोडवत नाही. तेव्हा हे आपल्या दोघींत राहू दे आणि मी सांगते ते ऐका.

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारायचे, बसता का, मी कापू का, चालेल ना. जो तो म्हणायचा, नको, पुन्हा येतो. चांगले सज्जन लोक, मला वाईट वाटू नये म्हणून चपला घालता घालता हवापाण्यावर बोलायचे. आठवडाभर हे पाहिलं आणि मग माझ्या लक्षात आलं, की तुमचे दादा कुणाला कधीच विचारत नाहीत. माणूस खुर्चीजवळ आला की गळ्याला टॉवेल. टॉवेल लागला की माणूस गिऱ्हाईक झाला. विचारलं की तो विचारात पडतो. म्हणून मी विचारायचं सोडलं. आत आला की टॉवेल लावते आणि मग विचारते, बारीक की मध्यम. कापू का हा प्रश्नच दुकानात ठेवला नाही.

तुम्ही साहेबांना विचारता, मी जाऊ का. त्या बिचाऱ्यांना विचार करायला लावता आणि त्यांना पेपर आठवतो. विचारू नका.

आता गोड बातमी. गेल्या गुरुवारी दाढी झाली. एक ट्रक ड्रायव्हर आला, रात्रभर गाडी चालवून. माझ्याकडे त्याने धड बघितलंसुद्धा नाही, दाढी एवढंच म्हणाला आणि मान मागे टाकली. मी साबण लावला. वस्तरा गळ्यावर ठेवला. आणि वन्सं, तो घोरायला लागला. गळ्यावर माझा वस्तरा आणि हा घोरतोय. वाट बघत बसलेली तीन गिऱ्हाइकं पेपर खाली ठेवून बघत होती. दाढी झाल्यावर मी त्याला पाच मिनिटं तसंच झोपू दिलं, जाहिरात म्हणून. तिघांनीही दाढी करून घेतली.

मला फार आनंद झाला, तो कुणाला सांगू असं झालं, म्हणून तुम्हाला लिहिलं. तुमचंही असंच व्हावं.

तुमची वहिनी

५ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

एवढे दिवस तुमचं पत्र नाही. काल पेपर आला आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं.

पहिल्या पानावर मोठी बातमी आहे, निरनिराळ्या क्षेत्रांतल्या पहिल्या महिलांचा सत्कार. खाली तुमचं वर्णन आणि वर फोटो भलत्याच बाईचा. पांढरा कोट, पांढरी टोपी, तोंडावर तुमच्यासारखं काही नाही. हे म्हणाले, आगीने माणसाचं रूप इतकं बदलतं का? पुढे लिहिलंय, की अग्निशमन दलाच्या सत्कारमूर्ती समारंभ चालू असताना कोणाशी न बोलता निघून गेल्या, त्यामुळे आयोजक नाराज आहेत.

निघून गेल्या म्हणजे कुठे गेल्या? मी विचारू नका म्हणाले ते बंबावर चढायला म्हणाले होते, नोकरी सोडून जायला नव्हे. माझ्या बोलण्याचा तुम्ही हा अर्थ लावला असेल तर मी स्वतःला माफ करणार नाही. शेवटी यांना सगळं सांगावं लागलं. वखारीचं, इस्त्रीचं, शेऱ्याचं, सगळं. मला वाटलं, खचतील. त्यांनी चौकटीकडे बघितलं आणि म्हणाले, “ती निघून जाणारी नाही.” मग बॅग भरायला लागले. प्लास्टर कालच निघालंय, बोटं अजून वळत नाहीत आणि हा माणूस मोजे भरतोय. मी त्यांना रविवारपर्यंत थांबवलंय. तोवर तुमचं पत्र आलं नाही तर आम्ही दुकान बंद करून दोघं येतो.

त्यात आज महिला मंडळाच्या दोन बायका दुकानात आल्या. गावात पुरुषांची दाढी करणारी पहिली महिला म्हणून माझा सत्कार करायचा म्हणे. मी नंबर लावायला सांगितलं. पुढे चार गिऱ्हाइकं होती.

लवकर लिहा. दोन ओळी लिहा, पण लिहा.

तुमची वहिनी

७ नोव्हेंबर

प्रिय वहिनी आणि दादा,

दादा, बॅग रिकामी कर. मी इथेच आहे.

महिनाभर लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं, आणि घडलं तेव्हा दोन्ही तळहातांना फोड आले. आता पेन धरता येतं.

त्या समारंभात आम्हाला व्यासपीठावर एका रांगेत बसवलं होतं. माझ्या डाव्या हाताला बंदरावर क्रेन चालवणारी, उजव्या हाताला क्रिकेटची पंच (पेपरातला फोटो तिचा, ती बिचारी माझ्याहून जास्त चिडली आहे) आणि पलीकडे म्हाताऱ्या बाई, ज्या त्यांच्या काळी लिफ्ट दुरुस्त करायच्या. भाषणं लांबली तशी आमची कुजबुज सुरू झाली. पंचबाई म्हणाली, मला नाणं उडवायला बोलावतात, सामना देत नाहीत. क्रेनवालीला मी विचारलं, तुला कसं काम करू देतात? ती म्हणाली, फोटो काढायला आले की मी सांगते, काढा, पण वर या. आजवर कुणी शिडी चढलं नाही. लिफ्टवाल्या बाई सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “मी पहिली होते तोवर नुसती मिरवले. दुसरी आली, तिसरी आली, तेव्हा कुठे लोकांनी मला लिफ्टला हात लावू दिला.” त्या वेळी मला त्या अर्ज केलेल्या दोघी आठवल्या.

साहेब माझ्यावर बोलायला उभे राहिले. बाहेर आमचा बंब शोभेला उभा केला होता, त्याला फुगे लावले होते, आणि तीन जवान सलामीला होते. साहेब ‘आमची ही वाघीण’ म्हणत होते तेवढ्यात बंबाचा ड्रायव्हर दारात आला आणि हात हलवायला लागला. वायरलेसवर वर्दी आली होती. बाजारामागे गाद्यांचं गोदाम पेटलं होतं, आणि सगळ्यांत जवळचा बंब आमचाच.

साहेबांनी ड्रायव्हरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचं तोंड उघडलं. काय म्हणणार ते मला पाठ होतं. मी माझा पुष्पगुच्छ त्यांच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरले. वहिनी, मी विचारलं नाही. मागून क्रेनवाली म्हणाली, “जा, तुझं घड्याळ मी घेते.” बंब सुटला आणि वळणावर मागच्या पायरीवर साहेब चढलेले दिसले, पुष्पगुच्छासकट.

गाद्यांची आग दिसत नाही, नुसता धूर दिसतो. आत कापूस धुमसत असतो. फुगे उष्णतेने एकेक फुटायला लागले, तेव्हा ड्रायव्हरला वाटलं गोदामात काहीतरी उडतंय आणि त्याने बंब मागे घेतला. पुढच्या जवानाने पाइप ओढत नेला, मी त्याच्यामागे. थोड्या वेळाने तो खोकत बाहेर आला आणि पाइपचं तोंड माझ्या हातात आलं. पाण्याचा दाब माणसाला मागे फेकतो. प्रशिक्षणात हे माहीत होतं, तरी मी मागे गेलेच. तेव्हा मागच्या जवानाने माझ्या पाठीला खांदा लावला आणि रेटून धरलं, जसं ते एकमेकांना धरतात. मला वहिनी, तिथे धुरात रडू आलं, पण धुरात सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे भागलं.

आणि मग साहेब ओरडले. आजवर माझ्याशी ते इतकं हळू बोलायचे. त्या दिवशी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, “ए, पाणी कमी कर, भिंत पाडशील.” इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी पाणी कमी केलं. भिंतीचा एक कोपरा तोवर पडला होता.

संध्याकाळी केंद्रावर चहा ड्रायव्हरने दिला, मलाही दिला. मग साहेबांनी शेरा लिहिला आणि सही करायच्या आधी मला वाचायला दिला. ‘पाणी गरजेपेक्षा जास्त मारते. बाकी काम ठीक.’ मी म्हणाले, बरोबर आहे साहेब. ते म्हणाले, आता नोव्हेंबरअखेर कागद वर पाठवतो, आणि त्या दोन मुलींचे अर्जही पुढे सरकवायला सांगतो. मग माझ्या गणवेशाकडे बघून म्हणाले, हा आता लाँड्रीत घेणार नाहीत.

आयोजकांचं मला काही वाटत नाही. पहिल्या पानावरचा फोटो पंचबाईला लखलाभ. तुम्ही फक्त आतलं सातवं पान उघडा. डावीकडे खाली, बाजारभावाच्या वर, तीन ओळी आहेत. कदाचित तुम्ही वाचल्याही नसतील. तुमच्याकडचा पेपर आत्तापर्यंत वस्तरा पुसायला गेला असेल, म्हणून मी इथे उतरवून देते.

‘बाजारामागील गाद्यांच्या गोदामाला काल दुपारी आग लागली. अग्निशमन दलाच्या चार जवानांनी ती आटोक्यात आणली. जीवितहानी नाही.’

त्या चारांत मी आहे. कुठली ते पेपरवाल्यांना कळलं नाही. वहिनी, दादाला हे मोठ्याने वाचून दाखव.

तुझी नणंद